तीन तारे, दीडशे रुपये येणे बाकी

पहिलं सांगून टाकतो, हे मी बोटांनी लिहिलेलं नाही. फोनमध्ये बोलत गेलो, फोननं लिहून घेतलं आणि नातीनं रात्री बसून काना-मात्रा सरळ केल्या. फोननं एके ठिकाणी ‘कमोड’चं ‘कामोद’ केलं होतं. मिरजेच्या, म्हणजे सतार-तंबोऱ्यांच्या गावातल्या दुकानाबद्दल आहे, तेव्हा गाण्यातला रागच असेल असं समजून तिनं ते तसंच ठेवलं होतं. मी वाचून घेतलं म्हणून बरं.

दुकान मिरजेत, दवाखान्यांच्या ओळीत आहे. वॉकर, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची, वरखाली होणारी कॉट असं आजाऱ्याला लागणारं सामान भाड्यानं देतात. मिरजेला अशा दुकानांचा तोटा नाही. १८९४ साली डॉ. वानलेसांनी इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातनं, कोकणातनं माणसं इथं दुखणी घेऊन येतात. त्यांच्यामागनं मेडिकल आले, लॉज आले, खानावळी आल्या आणि ही दुकानं आली.

माझं वय ७३. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर ४१ वर्षं दिवाणजी होतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. दर २१ दिवसांनी एक सलाईन, त्याबरोबर १४ दिवस सकाळ-संध्याकाळ जेवण झाल्यावर गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. असे आठ फेरे ठरले. सलाईनमधल्या औषधाचं नाव ऑक्सालिप्लॅटिन. केस फारसे गेले नाहीत, त्यामुळं बघायला येणारा प्रत्येक जण ‘तब्येत छान दिसतीय की’ म्हणून चहा पिऊन जायचा.

या औषधाचं थंडीशी वैर आहे. पहिल्या फेऱ्यानंतर स्टीलचा तांब्या हातात धरला आणि विजेचा झटका बसावा तशा मुंग्या आल्या. फ्रीजला हात लावायचा नाही, गार पाणी प्यायचं नाही, फरशीवर अनवाणी चालायचं नाही. एटीएमच्या गार खोलीतली ती धातूची बटणं दाबताना माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि मागचा माणूस म्हणाला, “बॅलन्स कमी झालाय काय ओ काका?” सुरुवातीला चार-पाच दिवसांत हे ओसरायचं. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यापासनं ओसरेना. बोटांची टोकं आणि तळपाय बधिर झाले ते झालेच. चप्पल पायात आहे की मागं राहिली, हे खाली बघितल्याशिवाय कळायचं नाही. एकदा गणपतीच्या देवळापासनं घरापर्यंत एकाच चपलेवर आलो.

शर्टाची बटणं लागत नव्हती, त्याचं एवढं वाटलं नाही, ही लावून द्यायची. पण नोटा मोजता येईनात. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत मी लाखाची गड्डी बोलता-बोलता मोजायचो. एखादी नोट जास्त चिकटली असली तर अंगठ्याला आधी कळायचं, डोळ्याला नंतर. आता दूधवाल्याचं बिल द्यायला नोटा एकेक करून टेबलावर मांडाव्या लागतात, पत्ते मांडल्यासारख्या. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. ते विचारायचे, “कसं काय?” मी म्हणायचो, “बरं आहे.”

दिवाळीनंतर, चौथा फेरा झाल्यावर, पहाटे तीनला मोरीत पडलो. शहाबादी फरशी ओली होती. तोल गेला तसा भिंतीवरच्या टॉवेलच्या दांडीला धरलं, ती स्क्रूसकट हातात आली. हिला मला उचलता येईना, मुलगा पुण्याला. शेजारी उठेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं तिथंच पडून होतो, अंगावर तोच टॉवेल. हाड मोडलं नाही. सकाळी मुलानं फोनवरनं दुकान शोधलं आणि वॉकर मागवला.

इथनं दुकानाचा हिशोब.

सामान लवकर येतं, हे खरं. नऊला फोन, अकराला वॉकर सांगलीत गावभागात दारात. वॉकरचं भाडं महिना २०० रुपये, अनामत ८००. पोरानं काखेतनं वॉकर काढला, उघडला, ‘खटक’ असा आवाज आला की बसला म्हणाला, सही घेतली आणि गेला. मला बघितलंसुद्धा नाही. मी आत कॉटवर होतो.

नऊ दिवस मी त्या वॉकरवर चाललो. खांदे दुखायला लागले, मान आखडली. मला वाटलं केमोचं असेल. हिला वाटलं वयाचं असेल. कॅन्सर झालेल्या म्हाताऱ्याचं काहीही दुखलं तर ही दोनच कारणं सापडतात, तिसरं कुणी शोधत नाही. तिसरं असं होतं की तो वॉकर माझ्या आधी कुणा सहा फुटी माणसाकडं होता, आणि मी पाच फूट दोन इंच.

हे कुणी ओळखलं? दुकानदाराच्या धाकट्या मुलानं. तो दुसऱ्याच कामाला आला होता (ते पुढं सांगतो). मला दारापर्यंत येताना बघून म्हणाला, “अण्णा, हे खांदे उचलून का चालताय? बैल जू ओढतोय तसं दिसतंय.” मला भिंतीशी सरळ उभं केलं, पायात रोजची चप्पल घालायला लावली, हात मोकळे सोडायला सांगितले. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीजवळ आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे, ताठ नको आणि फार दुमडलेलंही नको. वॉकरच्या चारी पायांना भोकं असतात, त्यात दाबायची बटणं असतात. त्यानं चारी पाय तीन-तीन भोकं आखूड केले. दोन मिनिटांचं काम. चालायचं कसं तेही सांगितलं: आधी वॉकर पुढं, मग कमजोर पाय, मग चांगला पाय, आणि वॉकर इतका पुढं टाकायचा नाही की आपण त्याच्या मागनं लोंबकळू. दोन दिवसांत खांदे उतरले.

आता हेच पहिल्या दिवशी करायला काय झालं होतं? पेढीवर आम्ही एक पोतं काट्यावर घातल्याशिवाय दारातनं आत घेत नव्हतो आणि बाहेर सोडत नव्हतो. इथं माणसाच्या हातात चार पाय देतात आणि माणसाचं माप नाही. एक तारा इथं कापला.

दुसरं सामान कमोडची खुर्ची. आमचं घर जुनं, संडास देशी, मागच्या बाजूला, दोन पायऱ्या उतरून. २०१९ च्या महापुरात घरात पाणी आलं, त्यानंतर सगळं नवं करायचं ठरलं होतं, ते ठरलेलंच राहिलं. ऑपरेशननंतर उकिडवं बसणं बंद झालं. खुर्चीचं खालचं भांडं काढून ती देशी संडासावर मांडली की काम होतं, हे मला ठाऊक नव्हतं, दुकानदारानंच फोनवर सांगितलं. चांगला सल्ला. पण पाठवली ती चाकं लावलेली कमोडची खुर्ची. चाकाची खुर्ची कॉटपासनं मोरीपर्यंत न्यायला बरी, पण संडासावर मांडून बसायला नाही. मी टेकलो आणि ती मागं सरकली. ब्रेक पुढच्या दोनच चाकांना, तेही ढिले. हिनं पाठीमागनं धरली म्हणून वाचलो, पण संडासात बायकोनं खुर्ची धरून उभं राहायचं, हे ५० वर्षांच्या संसारात राहिलं होतं तेही झालं.

बिनचाकाची मागितली, ती तीन दिवसांनी आली. तीच घेऊन तो धाकटा मुलगा आला होता. या दुसऱ्या खुर्चीच्या एका पायाचं रबर झिजून आतली नळी दिसत होती. मी तेव्हाच म्हणालो. तो म्हणाला, “पुढच्या खेपेला आणतो.” आणलं पंधरा दिवसांनी. आणि खुर्ची परत देताना मोठ्या मालकानं त्याच रबराचे १५० रुपये अनामतीतनं कापले, ‘वापरानं झिजलं’ म्हणून! माझ्याकडं तारखेसकट कीर्द (रोजची नोंदवही) आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. दुसरा तारा इथं गेला.

घेणाऱ्यांसाठी माझा अनुभव सांगतो. फोन करायच्या आधी घरातलं सगळ्यात अरुंद दार मोजा. माझ्या मोरीचं दार २३ इंच, वॉकरचे पाय २४ इंच. म्हणजे वॉकर बाहेर ठेवून दोन पावलं मोकळं चालायचं, आणि तीही ओल्या जागेत, जिथं पडलो तिथंच. शेवटी नळवाल्याकडनं दारापाशी आणि आत भिंतीला जाड स्टीलचा बार बसवून घेतला, विटेत खोल बोल्ट मारून. त्यानं विचारलं, टॉवेलची दांडीपण बसवू का? मी म्हणालो, या घरात आता टॉवेल खुर्चीवर टाकतात.

भाडं की खरेदी, हा हिशोबही करून बघा. वॉकरचे पाच महिन्यांचे १,००० रुपये गेले, नवा त्याच दुकानात १,३०० ला होता. महिना-दोन महिन्यांची गरज असेल तर भाडं परवडतं. केमो सहा महिने चालणार असेल तर वॉकर विकत घ्या, मोठी कॉट तेवढी भाड्यानं आणा. आणि ६५ वर्षांच्या वर असाल, घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर २०२४ साली निघालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये खात्यावर येतात, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, चष्मा, ऐकायचं यंत्र अशा वस्तूंसाठी. दुकानात या योजनेचा एक कागद भिंतीला लावायला काय हरकत आहे? मला हे तिथं नाही, रेशनच्या रांगेत कळलं. अर्ज केलाय.

त्याच रांगेत एकानं अपंगत्वाचा दाखला काढायला सांगितलं. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात कॅन्सर हे नाव नाही. हातापायाची ताकद किती गेली हे तपासून ठरवतात आणि बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट असते. मी अजून त्या वाटेला गेलो नाही. एसटीत अर्धं तिकीट आहेच, ७५ झाली की पूर्ण माफ.

आता या दुकानाला तीन तारे का, एकच का नाही, त्याचं कारण. त्या धाकट्या मुलानं जाताना एका फिजिओथेरपिस्ट पोरीचा नंबर दिला. ती घरी येते, एका खेपेचे ४०० रुपये, दुकानाचा त्यात काही वाटा नाही (मी विचारून घेतलं). मी म्हणालो, मला काय पॅरालिसिस झालाय? मुलगा म्हणाला, “एकदा बोलवून तर बघा की.”

ती आली तेव्हा मी आडवा होतो. तेव्हा मी दिवसाचा बराच वेळ आडवाच असायचो. ऑपरेशनपासनं सगळे एकच सांगत होते, विश्रांती घ्या. तिनं आधी रक्ताचे रिपोर्ट मागितले, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघितल्या, आजार हाडात गेलाय का ते फाईलमधनं खात्री करून घेतलं. हाड पोखरलेलं असेल तर काही व्यायाम करायचे नसतात म्हणे. मग म्हणाली, “आजोबा, ठणठणीत म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसतं पलंगावर ठेवून बघितलंय. पायांचं मांस जवळपास किलोभर गेलं.” किलोभर! दहा दिवसांत! हळद साठवली की वाळून वजन घटतं, त्याला आम्ही तूट म्हणतो आणि ती आधीच धरून चालतो. पण माझी अशी तूट चाललीय आणि कुणी मांडत नाही, हे मला झोंबलं.

तिनं मांडायला घेतली. आधी सहा प्रश्न: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, कॉटवरनं उठून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा, जेवण. यातलं काय आपलं आपण करता? मी म्हणालो, सगळं करतो. हिनं स्वयंपाकघरातनं सांगितलं, “आंघोळ मी घालते, बटणं मी लावते, संडासला मी धरते.” सहातले तीन गेले. मग आठ प्रश्न: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैसे. स्वयंपाक-घरकाम-धुणं यात मी शून्य, पण ते कॅन्सरच्या आधीपासनंच. पोरगी हसली. म्हणाली, ही यादी १९६९ ची, अमेरिकेतली, आणि पूर्वी पुरुषांना हे तीन प्रश्न विचारतच नसत, पाचांवरच गुण द्यायचे. ही लगेच बाहेर आली. “तिकडंपण तसंच का!” म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोरीला चहाबरोबर भडंग मिळालं.

पैसे या शब्दाशी मी थांबलो. तिनं घाई केली नाही. मग नोटांचं सांगितलं.

नंतर तिनं घड्याळ लावलं. खुर्चीतनं उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मला २१ सेकंद लागले. १२ च्या पुढं गेलं की पडायची भीती जास्त धरतात, असं ती म्हणाली. आकडा ऐकून मला बरं वाटलं, हे कुणाला खरं वाटणार नाही. ‘अशक्तपणा आहे’ याचं काय करायचं माणसानं? २१ चे २० तरी करता येतात.

व्यायाम म्हणाल तर त्यात यंत्र नाही की काही नाही. खुर्चीतनं उठायचं-बसायचं, आधी हात टेकून, मग न टेकता. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. सोप्यात (बाहेरच्या खोलीत) फेऱ्या. सलाईननंतरच्या चार दिवसांत निम्मं करायचं, पण शून्य करायचं नाही. पायांसाठी तिनं मागं पट्टा असलेल्या चपला घ्यायला लावल्या, रात्री झोपताना आरशात तळपाय बघायला सांगितले (खडा रुतला तरी आपल्याला कळत नाही), आणि आंघोळीचं पाणी हिनं हात घालून बघितल्याशिवाय अंगावर घ्यायचं नाही. मोरीच्या वाटेला रात्रभर छोटा दिवा. खाण्यात अंडं, डाळ, शेंगदाणे, ताक गार न करता. आठवड्यातनं दोनदा यायची, दोन महिने.

तिनं आणखी एक केलं. डॉक्टरांसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून दिली: पडणं एकदा, सहातले किती, आठातले किती, २१ सेकंद, बोटांचा बधिरपणा, बटणं आणि नोटा. फाईलमध्ये माझ्या नावापुढं ‘पी. एस. १’ (परफॉर्मन्स स्टेटस, म्हणजे माणूस किती हिंडता-फिरता आहे) लिहिलेलं असायचं. त्याचा अर्थ तिनं सांगितला: शून्य म्हणजे पहिल्यासारखा, एक म्हणजे हलकं काम करणारा, दोन म्हणजे स्वतःचं स्वतः करतो पण काम होत नाही, तीन म्हणजे जागेपणातला निम्म्याहून जास्त वेळ पलंगावर किंवा खुर्चीत, चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला. मी ‘बरं आहे, बरं आहे’ म्हणून स्वतःला एकावर ठेवलं होतं. खोटी नोंद मीच केली होती, डॉक्टरांचा दोष नाही. चिठ्ठी वाचून त्यांनी मला शर्टाचं बटण लावून दाखवायला सांगितलं. लागलं नाही. सहाव्या फेऱ्यापासनं त्यांनी ते सलाईन बंद केलं आणि नुसत्या गोळ्यांवर आठ फेरे पुरे केले. हा बधिरपणा औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो आणि सगळा जाईलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं.

आज १४ सेकंद लागतात. वॉकर एप्रिलमध्ये परत केला, आता काठीवर आहे. यार्डापर्यंत रिक्षानं जातो, पेढीवर तासभर बसतो. राजापुरी हळदीचं हळकुंड मोडून आतला रंग अजून बघतो, मोडायला हमाल लागतो एवढंच. नोटा अजून टेबलावरच मांडतो.

तर दुकानाबद्दल: सामान वेळेवर, भाडं वाजवी. जायचं झालं तर मोठे मालक नसताना, धाकटा मुलगा असताना जा, आणि त्याच्याकडनं उंची लावून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. रबरं चारीही उलटी करून बघा, फोटो काढून ठेवा. चाकाची खुर्ची संडासावर मांडायला घेऊ नका. अनामतीची पावती मागा, मागितल्याशिवाय देत नाहीत.

मालक, हे वाचत असाल तर खुर्चीच्या रबराचे १५० रुपये येणे आहेत, २२ एप्रिलची नोंद. ते आले की चौथा तारा त्याच दिवशी जमा करीन.